दोन दिवसांच्या एआय वर्कशॉपनंतर सोमवारी काय उरतं?

शनिवारी सकाळी साडेनऊला मी कॉलेजच्या लॅबमध्ये पोहोचलो. दारातच एक सर फोन हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "सर, आधी समारोपाचा फोटो काढून घेऊ या. उद्या संध्याकाळी मुलं थांबत नाहीत, सगळ्यांना एसटी पकडायची असते."

म्हणजे वर्कशॉप सुरू व्हायच्या आधी मी वर्कशॉप संपल्याचा फोटो काढला. हातात गुच्छ, मागे बॅनर, बाजूला सर्टिफिकेटचा गठ्ठा. सर्टिफिकेटवर छापलेलं होतं की अमुक विद्यार्थ्याने 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि मशीन लर्निंग' ही दोन दिवसांची कार्यशाळा यशस्वीरीत्या पूर्ण केली आहे. त्या क्षणी त्यातल्या एकाही मुलाने कॉम्प्युटर सुरू केलेला नव्हता.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली काही वर्षं महिन्यातून एखादा शनिवार-रविवार इंजिनिअरिंग, डिप्लोमा आणि बीएस्सीच्या कॉलेजांमध्ये वर्कशॉप घेतो. आधी पायथन आणि वेब शिकवायचो, आता बोलावणं जवळजवळ नेहमीच एआयचं असतं. तुम्ही विद्यार्थी असाल तर अशा एखाद्या वर्कशॉपला बसला असाल, पालक असाल तर त्याची फी भरली असेल, प्राध्यापक असाल तर त्याचा रिपोर्ट लिहिला असेल. म्हणून हा प्रश्न तुमचाही आहे: शनिवार-रविवार गेला, फोटो झाला, सर्टिफिकेट मिळालं. सोमवारी हातात काय उरतं?

ही लाट आली कुठून?

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. त्यानंतरच्या सहा महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या फोनमधले विषयच बदलले. पण कॉलेजांच्या बाजूने आणखी काही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

एक म्हणजे शाखा. 'एआय अँड डेटा सायन्स', 'एआय अँड मशीन लर्निंग' अशी नावं आता तालुक्याच्या कॉलेजातही दिसतात. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांवरची मर्यादा उठवली, त्यामुळे मागणी असलेल्या कॉम्प्युटरशी संबंधित शाखांच्या जागा वाढवायला वाट मोकळी झाली. जागा एका मंजुरीने वाढतात. शिकवणारी माणसं तशी वाढत नाहीत. काल डेटाबेस शिकवणाऱ्या मॅडमना आज डीप लर्निंगचा विषय मिळतो आणि मधल्या काळात त्यांनी तो कुठे शिकायचा, हे कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट, एआयसीटीईने २०२५ हे 'एआय वर्ष' म्हणून जाहीर केलं. वरून असं काही जाहीर झालं की खाली कार्यक्रम होतातच.

तिसरी गोष्ट कागदाची. नॅकचं मूल्यांकन ठरलेल्या निकषांवर होतं. त्यात विद्यार्थ्यांसाठी कौशल्याचे काय उपक्रम घेतले, शिक्षकांनी कोणती ट्रेनिंग केली, अशी माहिती पुराव्यासकट द्यावी लागते. पुरावा म्हणजे नोटीस, हजेरीपट, रिपोर्ट आणि जिओटॅग असलेला फोटो. दारात उभे असलेले ते सर लबाड नव्हते. त्यांच्याकडे आठवड्याला सोळा-अठरा तास लेक्चर, प्रॅक्टिकल आणि वर ही फाईल होती. फाईलमध्ये फोटोसाठी जागा आहे. 'मुलांना एका महिन्यानंतर काय येतं' यासाठी तिथे रकानाच नाही.

ज्याला रकाना असतो ते काम होतं. त्यामुळे दोष एका कॉलेजचा धरण्यात फारसा अर्थ नाही. पण याची किंमत कोण मोजतं ते सांगतो.

मुलाखतीच्या टेबलापलीकडून

कंपनीच्या कॅम्पस मुलाखतींमध्ये मी कधी कधी पॅनलवर असतो. रेझ्युमेवर एआयची तीन-चार सर्टिफिकेटं असलेला मुलगा समोर येतो. मी सोपा प्रश्न विचारतो: "तू मॉडेल बनवलंस, त्याची अ‍ॅक्युरसी ९७ टक्के लिहिली आहेस. ती कोणत्या डेटावर मोजलीस?"

बऱ्याचदा उत्तर येतं, "सर, त्याच डेटावर."

म्हणजे ज्या डेटावर मॉडेल शिकलं, त्याच डेटावर त्याची परीक्षा घेतली. मराठी मुलांना हे समजावायला मला एक उदाहरण फार उपयोगी पडतं. दहावीला '२१ अपेक्षित' मधले प्रश्न पाठ केले आणि पेपरात तेच आले, तर मार्क मिळतील. प्रश्न थोडा फिरवून आला की कळेल विषय समजलाय की पाठ झालाय. पाठ करणाऱ्या मॉडेलच्या या दोषाला ओव्हरफिटिंग म्हणतात. म्हणून डेटाचा एक भाग मॉडेलपासून लपवून ठेवायचा आणि शेवटी त्यावर परीक्षा घ्यायची. एवढी एक गोष्ट जरी दोन दिवसांत पक्की झाली असती, तरी तो मुलगा त्या प्रश्नाला अडला नसता.

आणि अडण्याची किंमत आता वाढली आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये फ्रेशरला मिळणारं सुरुवातीचं पॅकेज कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळतंय. पूर्वी कंपन्या शेकड्याने मुलं घ्यायच्या आणि चार महिने ट्रेनिंग द्यायच्या. आता पहिल्याच मुलाखतीत 'हे तू स्वतः केलंस का?' हा प्रश्न येतो. घरी कर्ज काढून शिकणाऱ्या मुलासाठी हा प्रश्न जड असतो आणि सर्टिफिकेट त्याचं उत्तर देत नाही.

एक साधं गणित, जे कोणी करत नाही

आता वर्कशॉपच्या आत जाऊ. तिथे बहुतेक वेळ एआयमुळे वाया जात नाही. तो इंटरनेट आणि इन्स्टॉलेशनमध्ये जातो.

साठ मुलं, साठ मशीन. मी म्हणतो, "अमुक लायब्ररी इन्स्टॉल करा." मशीन लर्निंगची मोठी लायब्ररी आणि तिच्यासोबत येणारी इतर पॅकेजेस मिळून साधारण ५०० एमबी धरा. साठ जणांनी एकदम डाउनलोड सुरू केलं की झाले ३० जीबी. लॅबची लाइन ५० एमबीपीएस असेल, तर सेकंदाला साधारण सव्वासहा एमबी येतात. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी ८० मिनिटं. त्यात प्रॉक्सी, मधूनच तुटणारं वायफाय आणि वरच्या मजल्यावर चालू असलेली ऑनलाइन परीक्षा. सकाळचं सत्र संपलं!

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. सगळी पॅकेजेस आधी एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर किंवा लॅबच्या लोकल नेटवर्कवर ठेवायची आणि तिथून इन्स्टॉल करायची. फक्त प्रत्येक मशीनवर पायथनचं व्हर्जन तेच आहे का, ऑपरेटिंग सिस्टीम ६४ बिट आहे का, हे पाहावं लागतं. जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर पायथन ३.८ च्या पुढे जातच नाही. मग 'या नावाचं पॅकेज सापडत नाही' अशी एरर येते आणि मुलाला वाटतं आपणच काहीतरी चुकीचं टाइप केलं.

"गूगल कोलॅब वापरा की," असं कोणी म्हणेल. मीही वापरतो. ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉलेशनची कटकट कमी. पण फुकटच्या कोलॅबमधलं सेशन ठरावीक वेळाने बंद होतं आणि त्यात ठेवलेल्या फाइल्स जातात. ड्राइव्हवर सेव्ह कसं करायचं हे आधी शिकवलं नाही, तर जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा वर्ग "सर, माझं सगळं गेलं" म्हणतो.

एपीआयची गंमत वेगळीच. एका वर्कशॉपमध्ये मी माझी फुकटवाली एपीआय की प्रोजेक्टरवर दाखवली आणि सगळ्यांना तीच टाकायला सांगितली. दोन मिनिटांत सगळ्यांच्या स्क्रीनवर ४२९. त्याचा अर्थ, 'फार विनंत्या येताहेत, थांबा'. चूक माझी होती. एक की म्हणजे सर्व्हरच्या नजरेत एकच माणूस आणि त्या माणसाने एकदम साठ प्रश्न विचारले होते. शिवाय की अशी चारचौघांत दाखवायची नसते, ती पासवर्डसारखी सांभाळायची असते. मग मी तोच धडा केला: ४२९ का येतो, की कुठे ठेवतात, ती गिटहबवर चुकून टाकली तर काय होतं. फीडबॅकमध्ये सगळ्यात जास्त मुलांनी लिहिलं, 'एररवाला भाग आवडला.'

आणखी एक किस्सा. एका लॅबमध्ये शनिवारी सगळं इन्स्टॉल करून ठेवलं, रविवारी सकाळी सगळी मशीन कोरी. व्हायरसच्या त्रासाने तिथे असं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं, की मशीन रीस्टार्ट झालं की सगळं आधीसारखं होतं. हे एचओडींना माहीत नव्हतं, ज्यांनी मला बोलावलं त्या सरांना माहीत नव्हतं. लॅब असिस्टंट दादांना माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझा पहिला फोन लॅब असिस्टंटना असतो. प्रिन्सिपॉल सरांशी बोलणं नंतर.

माझी स्वतःची चूक

आतापर्यंत कॉलेजांबद्दल बोललो. आता माझ्याबद्दल.

सुरुवातीला मी जी वर्कशॉप घेतली, ती दिसायला झकास होती. सव्वाशे स्लाइड्स, स्क्रीनवर चेहरा ओळखणारं मॉडेल, हाताने लिहिलेला आकडा ओळखणारं मॉडेल. मी कोड तयार ठेवायचो, मुलं सेल रन करायची, उत्तर यायचं, टाळ्या. फीडबॅक पाचपैकी चार पॉइंट आठ. मला वाटायचं, जमतंय आपल्याला.

सहा महिन्यांनी त्यातल्याच एका कॉलेजात पुन्हा गेलो. मागच्या वेळी पहिल्या बाकावर बसलेला मुलगा भेटला. मी विचारलं, "त्या मॉडेलचं पुढे काय केलंस?"

तो जरा ओशाळला. "सर, ती लिंक उघडत नाही."

नोटबुक माझ्या ड्राइव्हवर होती. मध्ये कधीतरी जागा रिकामी करताना मी ते फोल्डर उडवलं होतं. सहा महिन्यांत दुसऱ्या कोणीही मला 'लिंक उघडत नाही' असं कळवलं नव्हतं, म्हणजे बहुधा कोणी उघडायचा प्रयत्नच केला नव्हता. ज्या एकाने केला, त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. पाचपैकी चार पॉइंट आठ मार्क मला मिळाले होते आणि मुलांच्या हातात एक मेलेली लिंक होती.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी ठरवलं की वर्कशॉपचं माप बदलायचं. रविवारी संध्याकाळी टाळ्या किती, हे बघायचं नाही. मी नसताना, माझ्या लिंकशिवाय, मुलाला स्वतःच्या किंवा मित्राच्या मशीनवर काय चालवता येतं, तेवढंच मोजायचं.

कांद्याच्या भावाने शिकवलेला धडा

मग मी तयार डेटासेट सोडून दिले. फुलांच्या पाकळ्या आणि टायटॅनिक जहाजावरचे प्रवासी हे मशीन लर्निंगच्या शिकवणीतले ठरलेले डेटासेट. वाईट नाहीत, पण आमच्या मुलांचा त्यांच्याशी संबंध नाही. उत्तर चुकलं तरी त्यांना ते चुकल्याचं जाणवत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी लासलगावच्या कांद्याचे भाव घेऊन गेलो. बाजार समित्यांचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर मिळतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, क्विंटलमागे रुपयांत. काम साधं दिलं, 'आजपर्यंतचे भाव बघून उद्याचा भाव सांगा.'

पहिले दोन तास मॉडेलला हातच लावला नाही. नुसता डेटा बघितला. काही तारखा गायब होत्या. एकाने पटकन तिथे शून्य भरलं आणि त्याचा आलेख पाताळात गेला. मागून आवाज आला, "अरे, त्या दिवशी मार्केट बंद असेल. भाव शून्य कसा होईल?" डेटा साफ करणं म्हणजे काय, हे त्या एका वाक्यात झालं. रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मी फळ्यावर सगळ्यात आळशी मॉडेल लिहिलं: 'उद्याचा भाव = आजचा भाव.' मुलं हसली. दुपारपर्यंत त्यांनी वेगवेगळी मॉडेल लावली आणि बहुतेकांना या आळशी मॉडेललाच हरवता येईना. ही मोलाची शिकवण आहे. कुठलंही मॉडेल चांगलं आहे म्हणण्याआधी ते बिनडोक उपायापेक्षा चांगलं आहे का, हे आधी बघायचं. बातम्यांमध्ये 'एआयने इतक्या टक्के अचूक भाकीत केलं' असं वाचाल, तेव्हाही हाच प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत?

शेवटी एका गटाचा आलेख स्क्रीनवर होता. डिसेंबर २०२३ मध्ये मॉडेलची रेषा एकीकडे आणि खरा भाव धाडकन खाली. मी म्हटलं, "इथे मॉडेल का चुकलं असेल?" मला वाटलं कोणी म्हणेल डेटा कमी आहे, फीचर्स वाढवू या.

निफाडकडची एक मुलगी, जी दोन दिवसांत एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "सर, तेव्हा निर्यातबंदी आली होती. लिलावसुद्धा बंद पडले होते. आमचा लाल कांदा तेव्हाच निघत होता. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही, मिळेल त्या भावात विकावा लागतो."

वर्ग शांत झाला. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती, ती मे २०२४ मध्ये उठली. मॉडेलकडे भावांचा रकाना होता, दिल्लीतल्या निर्णयाचा रकाना नव्हता. आदल्या भावांवरून तो निर्णय कुठल्याही गणिताने कळला नसता. पण त्या मुलीला माहीत होतं, कारण तो कांदा तिच्या घरचा होता.

पुढचा एक तास मी काहीच शिकवलं नाही. मुलंच ठरवत होती की आणखी कोणते रकाने हवेत: निर्यात शुल्क, आवक, पाऊस, लाल कांदा की उन्हाळ. एआयमध्ये 'डोमेन नॉलेज' ज्याला म्हणतात, ते हेच. आणि ते ग्रामीण कॉलेजातल्या मुलांकडे भरपूर असतं. आपलं ते ज्ञान या कामात चालतं, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

शिक्षकांचं काय?

मुलं चार वर्षांनी जातात, शिक्षक राहतात. म्हणून मला विचाराल तर विद्यार्थ्यांच्या चार वर्कशॉपऐवजी शिक्षकांचं एक घ्या.

पण शिक्षकांचं वर्कशॉप घेणं जास्त अवघड आहे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे सर मला 'सर' म्हणतात आणि शेवटच्या रांगेत बसतात. विद्यार्थ्यांसमोर चुकायला नको, म्हणून कीबोर्डला हात लावत नाहीत. खरे प्रश्न चहाच्या वेळी, बाजूला घेऊन विचारले जातात. एका मॅडमनी असंच विचारलं, "मुलं जर्नल आणि असाइनमेंट चॅटजीपीटीवरून आणतात. सगळ्यांचं चकाचक. मी सही कशावर करू?"

खरं सांगायचं तर हा आजार नवा नाही. आम्हीही सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची फाईल समोर ठेवून दहा जणांनी उतरवली आहे. चॅटजीपीटीने फक्त रात्र वाचवली. मग आम्ही दोघांनी मिळून एक पद्धत काढली. कोड कुठूनही आण. ओरलला मी त्यात एक छोटा बदल सांगेन, पाच मिनिटांत तो माझ्यासमोर करून दाखव. यादी उलटी लाव, दुसरी फाईल वाच, एक अट वाढव. ज्याने समजून घेतलंय तो करतो. ज्याने नुसतं चिकटवलंय तो तिथेच थांबतो. मॅडमनी हे पुढच्या सेमिस्टरला टर्मवर्कमध्ये वापरलं. मला नंतर फोन करून म्हणाल्या, "सही करायला आता बरं वाटतं." त्या वर्कशॉपमधून उरलेली ही गोष्ट एआयची नव्हतीच, शिकवण्याची होती.

आपल्याकडे याचं मोठ्या पातळीवरचं उदाहरणही आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरातल्या हजारो इंजिनिअरिंग शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा झाल्या. त्यांची रचना लक्षात ठेवण्यासारखी होती. प्रत्येक केंद्राचे समन्वयक आधी आयआयटीत येऊन तयारी करून जायचे. मग मुख्य कार्यशाळेत लेक्चर आयआयटीतून लाइव्ह आणि प्रॅक्टिकल आपापल्या जवळच्या केंद्रावर, त्या समन्वयकांच्या देखरेखीत. म्हणजे पाहुणा गेल्यावरही उत्तर देणारं माणूस गावातच राहायचं. आयआयटी मुंबईचाच स्पोकन ट्युटोरिअल हा प्रकल्पही असाच विचार करून बनलाय. छोटे व्हिडिओ, अनेक मराठीतही, ऑफलाइन चालतात, आणि एका बाजूला व्हिडिओ लावून दुसऱ्या बाजूला स्वतः करत जायचं. त्यात झगमगाट नाही, पण लिंक मरत नाही.

मराठीत सांगितलं तर?

२०२१-२२ पासून एआयसीटीईने प्रादेशिक भाषांमधून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. तरी वर्कशॉपमध्ये बॅनरपासून स्लाइडपर्यंत सगळं इंग्रजीत असतं आणि प्रश्न विचारायची वेळ आली की वर्ग गप्प होतो. माझा अनुभव असा की, 'मराठीत विचारा' एवढं म्हटलं की हात वर येतात. शब्द लूप, फंक्शन, एररच राहतात, त्यांचं भाषांतर करत बसायची गरज नाही. वाक्य मराठी झालं की पुरतं.

याचाही मी एक खेळ करतो. 'नमस्कार' या शब्दात किती अक्षरं? मुलं म्हणतात चार: न, म, स्का, र. पायथनला लांबी विचारली की तो म्हणतो सात, कारण तो हलन्त आणि काना वेगळे मोजतो. यूटीएफ-८ मध्ये साठवायला तेच २१ बाइट लागतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. इंग्रजी 'हेलो'ला पाच पुरतात. भाषा मॉडेल शब्दांचे जे तुकडे पाडतात, ते मराठीचे साधारणपणे जास्त पडतात. आणि पैसे तुकड्यांवर मोजले जातात, म्हणून तोच मजकूर मराठीत महाग पडू शकतो. हे कळलं की मुलं पहिल्यांदा विचारतात, "मग आपल्या भाषेसाठी हे कोण सुधारणार?" तो प्रश्न मी मुद्दाम उघडा ठेवतो.

मग चांगलं वर्कशॉप ओळखायचं कसं?

फी भरायच्या आधी किंवा कुणाला बोलावायच्या आधी एवढं बघा:

- विषय किती आहेत? दोन दिवसांत पायथन, मशीन लर्निंग, डीप लर्निंग आणि चॅटबॉट असं सगळं लिहिलं असेल, तर ती जाहिरात आहे. एका प्रश्नावर दोन दिवस घालवणारं वर्कशॉप बरं.
- हात कोणाचे चालतात? अर्ध्याहून जास्त वेळ मुलं स्वतः टाइप करत असली पाहिजेत. एका मशीनवर तीन जण बसले तर दोघं नुसते प्रेक्षक होतात. दर अर्ध्या तासाने कीबोर्ड बदला.
- चुकायला वेळ ठेवलाय का? एरर वाचणं हा वेळापत्रकातला भाग हवा. शिकवणाऱ्याचा कोड एकदाही अडकला नाही, तर तो पाठ करून आलाय.
- घरी काय नेता येतं? कोड आणि डेटा मुलाच्या स्वतःच्या अकाउंटवर किंवा पेनड्राइव्हवर हवा. ट्रेनरच्या ड्राइव्हची लिंक म्हणजे उधारी.
- मागे कोण राहतं? कॉलेजातले एक शिक्षक आणि दोन सीनिअर मुलं आधी तयार झाली पाहिजेत. ट्रेनर गेल्यावर प्रश्न त्यांच्याकडे जातील.
- महिन्याने काय? चार आठवड्यांनी एक तासाचा ऑनलाइन कॉल. ज्यांनी काही चालवलं ते दाखवतील. सर्टिफिकेट त्या दिवशी द्या.

शेवटचा मुद्दा मी आता अट म्हणून सांगतो. सगळी कॉलेजं मान्य करत नाहीत. दोन ठिकाणी त्यामुळे बोलावणं रद्द झालं. एका ठिकाणी सर म्हणाले, "फाईलला सर्टिफिकेट याच महिन्यात लागतंय, काय करू?" मी म्हटलं, हजेरीचं पत्र आज घ्या, 'यशस्वीरीत्या पूर्ण' असं लिहिलेलं सर्टिफिकेट महिन्याने. त्यांनी मान्य केलं. फाईलही भरली आणि शब्दही खरा राहिला.

त्या कॉलेजात चार आठवड्यांनी कॉल झाला. अठ्ठावन्न मुलांपैकी अकरा जण आले. आकडा छोटा आहे, मला माहीत आहे. रिपोर्टमध्ये तो शोभणार नाही. पण त्या अकरांपैकी एकाने त्याच्या गावच्या डेअरीचा दुधाच्या फॅटचा डेटा वहीतून एक्सेलमध्ये उतरवून आणला होता. मॉडेल अजून नीट चालत नव्हतं. एरर येत होती. त्याने ती स्वतः वाचली होती, अर्धी सोडवली होती, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तो नेमका प्रश्न घेऊन आला होता.

त्याने त्या दिवशी सर्टिफिकेट मागितलं नाही. मीच आठवण करून दिली.